जुनी इंजेक्शनवाली पेट्रोल पिकअप रिच चालतेय? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

मागून काळा धूर, सायलेन्सरजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, आयडलिंगला इंजिन घुटमळतंय, मायलेज पार झोपलंय आणि प्लग काढून बघावा तर काजळीने माखलेला. अशी गाडी आली की बहुतेक जण पहिला एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलतात, मग इंजेक्टर साफ करून आणतात, मग कुणीतरी सांगतं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय. मीही माझ्या पिकअपला आधी नवा ऑक्सिजन सेन्सरच बसवला होता आणि धूर जसाच्या तसा, दोन वीकेंड गेले, आणि खरा दोष निघाला कूलंट सेन्सरच्या कपलरमध्ये, म्हणजे त्याच्या वायरीच्या कनेक्टरमध्ये, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे, आधी एकच प्रश्न विचारायचा: इंजिन रिच चाललंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, हे ईसीयूला कळतंय का? याचं उत्तर मिळालं की निम्म्याहून जास्त पार्ट संशयातून आपोआप बाहेर पडतात.

हे सगळं पेट्रोल इंजिनबद्दल आहे, साधारण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांतल्या इंजेक्शनवाल्या पिकअपबद्दल. डिझेलचा काळा धूर हा वेगळा विषय आहे.

आधी खरंच रिच आहे का ते बघा

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पेट्रोलचा भाग वाढला की रिच, कमी झाला की लीन. आता धुराचा रंग बघा, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येतच राहिला तर कूलंट आत जातंय. थंड सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ वाफ दिसते तिचा यात काही संबंध नाही, आणि थंड इंजिन पहिली काही मिनिटं मुद्दाम रिच चालवलं जातं, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

सगळे प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते नीट लावून ठेवा. कोरडी, मऊ, बोटाने पुसली जाणारी काजळी असेल तर रिच. काळं पण ओलसर, तेलकट, चिकट असेल तर ऑइल. पेट्रोलने ओला असेल तर एकतर त्या सिलिंडरला स्पार्कच नाही किंवा तिथला इंजेक्टर गळतोय. सगळे प्लग सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर, सेन्सर, पर्ज (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असं काहीतरी, आणि एखादाच काळा असेल तर त्या सिलिंडरपुरता. फुकटात मिळणारी एवढी चांगली माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही, त्यामुळे पाना हातात घ्यायचा कंटाळा करू नका.

डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढलेली दिसत असेल तर ते लक्षात ठेवा, ते नंतर लागणार आहे.

एक काळजी: हे सगळं उघड्यावर करा. रिच इंजिनमधून कार्बन मोनॉक्साईड भरपूर बाहेर पडतो, त्याला वास नसतो, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासत बसणं जिवावर बेतू शकतं. पेट्रोलची लाईन उघडायच्या आधी प्रेशर काढून टाका, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा, आणि जुने रबरी पाईप तडकलेले असतात हे गृहीतच धरा.

ईसीयूला काय वाटतंय

बॅटरीची वायर काढू नका! बरेच जण सुरुवातच तिथून करतात, "रिसेट करून बघू" म्हणून, आणि ईसीयूने इतके दिवस जे शिकून साठवलं होतं ते सगळं पुसलं जातं, म्हणजे आपल्या कामाचा पुरावाच गेला. आधी वाचा, मग काय ते पुसा.

अमेरिकन बाजारातल्या गाड्यांना १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे दोष वाचायची एकसारखी सिस्टिम, सक्तीची झाली, तसं सॉकेट असेल तर साधा स्कॅनर चालतो. त्यात पी०१७२ म्हणजे पहिली बँक (सिलिंडरची एक रांग) रिच आणि पी०१७५ म्हणजे दुसरी. त्याआधीच्या गाड्यांमध्ये डायग्नोस्टिक कनेक्टरच्या दोन पिना वायरने जोडून चेक इंजिन लाईटची उघडझाप मोजावी लागते. जनरल मोटर्सच्या जुन्या सिस्टिममध्ये ए आणि बी पिना जोडून चावी ऑन केली की आधी १२ नंबरचा कोड तीनदा येतो, तो फक्त सिस्टिम बोलतेय एवढंच सांगतो, आणि त्यानंतर ४५ आला तर एक्झॉस्ट रिच, ४४ आला तर लीन. कुठल्या पिना जोडायच्या ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजाने वायर खुपसू नका.

पण कोडपेक्षा महत्त्वाचं आहे फ्युएल ट्रिम. इंजिन गरम झाल्यावर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करत राहतो, ती दुरुस्ती म्हणजे ट्रिम. ट्रिम उणे असेल तर ईसीयू पेट्रोल कापतोय, अधिक असेल तर वाढवतोय. शून्याच्या अल्याडपल्याड दहा टक्क्यांपर्यंत जुन्या गाडीत चालून जातं. जनरल मोटर्सच्या जुन्या सिस्टिममध्ये टक्के नसतात, तिथे १२८ हा मधला आकडा, त्याच्या खाली गेलं की पेट्रोल कापणं चालू आहे.

गाडी चांगली गरम करून आयडलिंगला आणि २५०० आरपीएमला असे दोन्ही ट्रिम लिहून घ्या. मग तीन शक्यता राहतात.

ट्रिम खूप उणे आहे, उणे पंधरा, उणे वीस. म्हणजे ईसीयूला कळतंय, बिचारा पेट्रोल कापतोय, पण त्याच्या हुकुमाशिवायच कुठूनतरी पेट्रोल आत येतंय, किंवा हवा मोजणारा सेन्सर जास्त हवा सांगतोय.

ट्रिम अधिक आहे आणि तरी मागून काळा धूर. म्हणजे ईसीयूला वाटतंय की इंजिन लीन आहे आणि तो स्वतःच पेट्रोल वाढवतोय, कुणीतरी त्याला खोटं सांगतंय. इथे प्रेशर आणि इंजेक्टर तपासत बसलात तर दिवस जाईल.

ट्रिम शून्यावरच आहे, हलतच नाही. म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाहीये, ओपन लूपमध्ये अडकलाय, बहुतेक वेळा इंजिन अजून थंडच आहे असं त्याला वाटत असतं.

स्कॅनर चालत नसेल अशी गाडी असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरवर डिजिटल मल्टीमीटर लावा, वायर कापायची नाही, मागून पिन घालायची. सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापला की काम करायला लागतो. चांगल्या इंजिनला व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत वरखाली होत राहतं, ०.४५ ही मधली रेघ. सतत ०.८ च्या आसपास चिकटून बसला तर सेन्सरला रिच दिसतंय, ०.२ च्या खाली पडून असेल तर लीन दिसतंय. आता एक मोठा व्हॅक्यूम पाईप क्षणभर काढा, व्होल्टेज झटकन खाली पडलं तर सेन्सर जिवंत आहे आणि खरं बोलतोय, त्याला बदलायची गरज नाही.

ईसीयूला थंडी वाजतेय तेव्हा

तिसऱ्या शक्यतेपासून सुरुवात करतो कारण जुन्या पिकअपमध्ये मला हाच दोष सगळ्यात जास्त वेळा भेटलाय. कूलंट टेंपरेचर सेन्सर. इथे एक गफलत फार होते, डॅशबोर्डवरच्या काट्याला जो सेन्सर जातो तो वेगळा, त्याला बहुधा एकच वायर असते, आणि ईसीयूचा वेगळा, त्याला दोन वायरी. काटा बरोबर मधोमध दाखवतोय म्हणून ईसीयूलाही गरम कळतंय असं समजू नका.

या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो. बऱ्याच जपानी गाड्यांमध्ये २० डिग्रीला २ ते ३ किलो-ओहम आणि ८० डिग्रीला २०० ते ४०० ओहम अशी रेंज असते, जनरल मोटर्सच्या सेन्सरला २० डिग्रीला साधारण साडेतीन किलो-ओहम आणि १०० डिग्रीला पावणेदोनशेच्या आसपास. कपलर काढून सेन्सरच्या पिनांवर मोजा, आधी थंड, मग गरम.

माझ्या गाडीत सेन्सर एकदम ठीक निघाला होता, गरम इंजिनला ३०० ओहमच्या जवळ. म्हणून मी तो विषय बंद करून टाकला, आणि हीच चूक. कपलर मी नुसता खेचून काढला होता, आत बघितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा टॉर्च मारून बघितलं तर एका पिनेवर गंजाचा हिरवा थर, आणि वायर ओढली तर इन्सुलेशनच्या आत तांब्याची नुसती भुकटी. त्या गंजाचा रेझिस्टन्स होता २००० ओहमच्या वर. म्हणजे सेन्सर सांगतोय ३००, आणि ईसीयूपर्यंत पोचतोय २३००, आता वरचे आकडे परत बघा, २३०० म्हणजे ईसीयूच्या हिशोबाने इंजिन वीस-बावीस डिग्रीवर. इंजिन उकळायच्या बेताला आणि ईसीयू त्याला सकाळच्या थंड स्टार्टचं पेट्रोल पाजतोय! कोडही येत नाही, कारण बावीस डिग्री हे काही अशक्य तापमान नाही. म्हणून सेन्सरवर मोजून थांबू नका, ईसीयूच्या बाजूच्या कनेक्टरवरूनही मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. स्कॅनर असेल तर त्याहून सोपं, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा, दोन्ही जवळजवळ सारखी असायला हवीत, आणि मग इंजिन गरम होताना कूलंटचा आकडा हळूहळू चढत ८०-९० पर्यंत गेला पाहिजे.

आकडा खरा आहे पण साठाच्या पुढे जातच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढूनच टाकलाय. "गाडी गरम होत नाही, बरंच आहे" असं म्हणून थर्मोस्टॅट काढलेल्या गाड्या खूप दिसतात आणि पुढची कित्येक वर्षं त्या पेट्रोल ढोसत राहतात, वाईट वाटतं बघून.

अर्थिंगही इथेच तपासून घ्या. सेन्सरचा अर्थ खराब असेल तर सिग्नलचं व्होल्टेज वर सरकतं आणि कूलंट सेन्सरच्या बाबतीत वरचं व्होल्टेज म्हणजे थंड. इंजिन चालू, हेडलाईट आणि ब्लोअर ऑन, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ईसीयूच्या अर्थ पिनेला, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या वायरी सोडून, घासून, परत घट्ट करा.

हुकुमाशिवाय येणारं पेट्रोल

ट्रिम खूप उणे असेल तर इथे या. आयडलिंगला जास्त उणे आणि २५०० ला बराच सुधारतोय, तर ठरावीक थेंबथेंब पेट्रोल आत येतंय, कारण आयडलिंगला इंजिनची भूकच कमी असते, तिथे थोडंसं जास्तीचं पेट्रोलही जास्त जाणवतं. दोन्हीकडे सारखंच उणे असेल तर प्रेशर किंवा हवा मोजणारा सेन्सर.

पहिलं काम, आणि याला एक मिनिट लागतं: फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा बारीक व्हॅक्यूम पाईप काढा आणि त्याचं तोंड बोटावर धरा. बोट ओलं झालं, पेट्रोलचा वास आला, तर आतला डायाफ्राम फाटलाय आणि इंजिन त्या पाईपमधून थेट पेट्रोल ओढतंय. रेग्युलेटर बदला. पाईप कोरडा पाहिजे, अगदी कोरडा.

मग गेज लावा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या बऱ्याच सिस्टिमचं प्रेशर ३५ ते ४५ पीएसआयमध्ये असतं, आयडलिंगला व्हॅक्यूम पाईप लावलेला असताना थोडं कमी, आणि पाईप काढला की पाच ते दहा पीएसआयने वाढलं पाहिजे. जनरल मोटर्सच्या पिकअपमधल्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला (यात हवेच्या तोंडावरच बसवलेले एक-दोन इंजेक्टर सगळ्या सिलिंडरना पेट्रोल देतात) मात्र ९ ते १३ पीएसआयच असतं, त्यामुळे तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून काढूनच बघा. प्रेशर जास्त असेल तर लगेच रेग्युलेटर बदलू नका, रिटर्न लाईन चेपलेली किंवा बुजलेली असली तरी हेच होतं. जुन्या पिकअपला खालून कधी जॅक चुकीच्या जागी लागलेला असतो आणि पाईप दबलेला असतो, आधी खाली वाकून टाकीपर्यंत बघून घ्या.

इंजिन बंद केल्यावर गेजकडे दहा मिनिटं लक्ष ठेवा. प्रेशर भराभर उतरलं तर कुठेतरी गळतंय. रिटर्नचा रबरी पाईप नीट क्लॅम्पने दाबला आणि उतरणं थांबलं, तर रेग्युलेटर. पंपाकडून येणारा दाबल्यावर थांबलं, तर पंपाचा व्हॉल्व्ह, त्याचा रिचशी संबंध नाही. दोन्ही दाबूनही उतरतंय तर इंजेक्टर. पाईप कडक झालेला असेल तर दाबूच नका, तडकेल. थ्रॉटल बॉडीवाल्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावर प्रेशर तसंही उतरतं, तिथे ही चाचणी कामाची नाही, पण तिथे त्याहून सोपी सोय आहे, एअर फिल्टरचं डबडं काढा आणि वरून बघा. इंजिन चालू असताना शंकूच्या आकाराचा, सारखा फवारा दिसायला हवा, आणि इंजिन बंद करून परत चावी ऑन केली की पंप दोन सेकंद वाजतो त्या वेळी इंजेक्टरमधून एक थेंबही पडता कामा नये.

गळक्या इंजेक्टरची आणखी एक खूण, गरम गाडी पंधरावीस मिनिटं उभी केली की परत स्टार्ट व्हायला त्रास देते आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला तर काळा धूर सोडत सुरू होते. टोयोटाच्या २२आर-ई सारख्या इंजिनला एक वेगळा कोल्ड स्टार्ट इंजेक्टरही असतो, तो गळत असला तर सगळेच प्लग काळे होतात आणि बाकीचे इंजेक्टर तपासून माणूस थकतो, त्यामुळे तो विसरू नका.

पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि तिथून इंजिनात ओढली जाते. व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा टाकी तोंडापर्यंत भरायच्या सवयीने डब्यात पेट्रोलच शिरलं तर कायमचं रिच. डब्याकडून इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांना) जाणारा पाईप चिमट्याने दाबा आणि ट्रिम बघा, सुधारला की सापडलं.

आणि ते ऑइल आठवतंय? पेट्रोल मिसळलेलं ऑइल गरम झालं की त्याची वाफ पीसीव्हीमधून (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परत इंजिनात जाते. म्हणजे मूळ दोष दुरुस्त झाला तरी इंजिन रिचच दाखवत राहतं आणि माणूस नवा दोष शोधत बसतो. पीसीव्हीचा पाईप काढून मॅनिफोल्डचं तोंड थोडा वेळ बंद करा, फरक पडला तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हवा मोजणारे. मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत त्याचा व्हॅक्यूम पाईप तडकला की सेन्सरला बाहेरची हवा दिसते आणि ईसीयूला वाटतं गाडी चढावर पूर्ण लोडवर आहे. पाईप वाकवून दोन्ही टोकांना बघा, तडा तिथेच असतो. व्होल्टेजवाल्या मॅप सेन्सरला समुद्रसपाटीजवळ चावी ऑन, इंजिन बंद असताना साडेचारच्या वर व्होल्ट येतात आणि आयडलिंगला एक-दीड, उंचावर पहिला आकडा कमी येणारच. फोर्डच्या त्या काळच्या मॅप सेन्सरला व्होल्टेज नाही, फ्रिक्वेन्सी येते, समुद्रसपाटीला साधारण १५९ हर्ट्झ, तिथे व्होल्टमीटर लावून सेन्सर खराब ठरवू नका. मॅप बरोबर आहे पण आयडलिंगचं व्हॅक्यूमच कमी आहे, तर टायमिंग मागे पडलंय का, टायमिंग चेन ढिली झालीय का ते बघा, इंजिन दमलेलं असेल तर मॅप सेन्सर खरं बोलूनही मिक्स्चर रिच होतं. झडपेचा एअर फ्लो मीटर असेल तर त्याच्या झाकणाचं सील बघा, कुणीतरी उघडून स्प्रिंग ढिली केलेली असली तर झडप जास्त उघडते आणि पेट्रोल वाढतं.

एअर फिल्टरवर फार वेळ घालवू नका. कार्ब्युरेटरच्या जमान्यात चोंदलेला फिल्टर म्हणजे रिच हे खरं होतं, इंजेक्शनमध्ये मोजणी त्याच्या पुढे होते, त्यामुळे ताकद कमी होईल पण मिक्स्चर फारसं बदलणार नाही.

ईसीयूची फसवणूक

ट्रिम अधिक आणि धूर काळा. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो, हे डोक्यात पक्कं बसलं की हा भाग सोपा आहे. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल किंवा गॅस्केट गेलं असेल तर दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर म्हणतो लीन, ईसीयू पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन स्टार्ट करून बोनेट उघडून ऐका, टक-टक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर धातू फुगून तो बंद होतो. गॅस्केटपाशी काजळीचा काळा ओघळही दिसतो.

मिसिंगचंही तसंच. एका सिलिंडरला स्पार्क नाही, तिथला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो, परत लीन, परत पेट्रोल. म्हणून जुनी गाडी असेल तर प्लग, वायरी, कॅप, रोटर हे आधी धड करून घ्या, मगच ऑक्सिजन सेन्सरवर शंका घ्या. हे सगळं ठीक असूनही सेन्सर खालीच पडून राहत असेल, तर इनटेकमध्ये कार्ब्युरेटर क्लीनरची थोडीशी फवारणी करा, गरम एक्झॉस्टपासून लांब, व्होल्टेज ०.८ पर्यंत चढलंच नाही तर सेन्सर मेलाय, खुशाल बदला.

दोष सापडल्यावर

आता बॅटरीची वायर काढा किंवा स्कॅनरने मेमरी पुसा, म्हणजे ईसीयू नव्याने शिकेल. ऑइल आणि फिल्टर बदला, रिच चाललेल्या इंजिनचं ऑइल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगला ते चालत नाही. प्लग साफ करा, फार खराब असतील तर नवे घाला. मग गाडी दोन-तीन वेळा पूर्ण गरम-थंड होऊ द्या, आयडलिंगचा आणि २५०० चा ट्रिम परत लिहा आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवून बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) असेल तर चढावर गाडी दम टाकते का, खालून लालभडक होतो का तेही बघून घ्या, बरेच महिने रिच चाललेल्या गाडीत तो आतून वितळलेला असू शकतो, आणि तसा असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही गाडीची ताकद परत येत नाही. माझ्या गाडीला दोन इंच नवी वायर आणि एक कपलर लागला, आठवड्याने प्लग काढले तेव्हा टोक फिकट तपकिरी होतं.